चिमणाळ्यापासून प्ले-जिमपर्यंत



गेल्या श्रावणांत मी आजोबा झालों, आणि भाद्रपद संपावयाच्या आंत त्या पदाबरोबर येणारें पहिलें काम माझ्याकडे आलें. कन्येचा पुण्याहून निरोप आला, "बाबा, तुम्ही जन्मभर मुलांना इतिहास शिकवलात. आतां नातीसाठीं एक प्ले-जिम तेवढें निवडून द्या. इथें इतके प्रकार आहेत कीं माझें डोकें चालत नाहीं."

प्ले-जिम म्हणजे काय तें, ज्यांच्या घरीं सध्यां तान्हें मूल नाहीं त्यांच्याकरितां सांगतों. जमिनीवर अंथरावयाची एक मऊ गादी, तिच्यावर एकमेकींना छेदून जाणाऱ्या दोन कमानी, आणि त्या कमानींना लोंबणारीं चार-पांच खेळणीं. असा हा लहानसा मांडव असतो. त्याच्याखालीं बाळाला उताणें निजवावयाचें, म्हणजे तें वर पाहतें, हातपाय झाडतें, आणि हळूहळू त्या खेळण्यांना हात घालूं लागतें.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु शाळेंत इतिहास शिकवितां शिकवितां एक संवय जडली ती अशी कीं, कोणतीहि वस्तु पुढें आली म्हणजे ती कोणीं, कोणासाठीं व कां केली हें पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं. दुकानांत गेलों तों तेथें एका ओळींत वीस-पंचवीस खोकीं मांडलेलीं, आणि जवळजवळ प्रत्येकावर बाळाच्या बुद्धीचा विकास करून देण्याचें आश्वासन छापलेलें! एवढ्या बुद्धिमत्तेची जबाबदारी उचलण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मी रिकाम्या हातानें परत आलों आणि पुस्तकें काढून बसलों. त्या वाचनाचा वृत्तांत आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

बाळाच्या डोळ्यांपुढें कांहींतरी लोंबत ठेवण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. जुन्या मराठी घरांत पाळण्यावर चिमणाळें बांधीत. लांकडाच्या नाहींतर कापडाच्या चिमण्या, पोपट, मोर. मधूनमधून रेशमी गोंडे आणि काचेचे मणी. पाळण्याला झोका दिला कीं हीं सारीं पांखरें गिरक्या घेत. कोंकणांत तर सावंतवाडीचीं रंगीत लांकडी खेळणीं हाताशींच होतीं. तेथल्या चितार आळीचें नांव आजहि त्यासाठींच घेतात. चिमणाळ्याच्या जोडीला बाळाच्या मनगटांत काळे मणी, गळ्यांत वाघनख, हातांत खुळखुळा. खुळखुळ्याचें कूळ तर फारच जुनें. हडप्पा व मोहेंजोदडो येथील उत्खननांत मातीचे पोकळ, आंत गोळ्या घातलेले खुळखुळे सांपडले आहेत. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींहि रडणाऱ्या मुलापुढें कोणीतरी हेंच वाजवीत बसलें होतें. युरोपांतील श्रीमंत घरांतून चांदीच्या घुंगरांचा खुळखुळा देत आणि त्याच्या टोंकाला पोंवळें बसवीत. दांत येतांना तें चावावयाचें, आणि शिवाय पोंवळें अरिष्ट टाळतें ही समजूत होतीच.

हीं सर्व साधनें पाहतांना एक गोष्ट लक्षांत येते. कांहीं दृष्ट लागूं नये म्हणून, कांहीं रडें थांबावें म्हणून, आणि कांहीं पाहुण्यांनीं कौतुक करावें म्हणून टांगलेलीं. ह्यांत मोठ्या माणसांच्या मनाचा इतिहास पुष्कळ आहे. पाळण्यांतल्या जिवाला वर काय दिसतें, हा प्रश्न मात्र फारसा कोणीं विचारलेला आढळत नाहीं. चिमणाळ्यांतील मोराचा पिसारा आपल्याला बाजूनें दिसतो. खालीं निजलेल्या बाळाला दिसतें तें त्याचें पोट!

हा प्रश्न ज्यांनीं गंभीरपणें हातीं घेतला त्यांत जर्मनीचा फ्रीड्रिख फ्रोबेल ह्याचें नांव आधीं घ्यावें लागेल. बालोद्यानाची म्हणजे किंडरगार्टनची कल्पना त्याची. १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत तो सांगतो कीं, तान्ह्या मुलाला जागेपणीं रिकामें पडूं देऊं नये. त्याच्या सहज नजरेच्या रेषेंत एक झुलता पिंजरा टांगावा व त्यांत एक चपळ पक्षी असावा. आमच्या चिमणाळ्यांतील चिमणीला फ्रोबेलनें प्राण दिले, असें म्हणावयास हरकत नाहीं. पिंजऱ्यांतल्या चिमणीला काय वाटलें असेल तो प्रश्न निराळा. पुढें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग गांवीं त्यानें आपली संस्था काढली, व तिच्यासाठीं जीं साधनें तयार केलीं त्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. त्यांपैकीं पहिली देणगी म्हणजे सहा रंगांचे, दोरीला बांधलेले, लोंकरीचे मऊ चेंडू. आईनें चेंडू झुलवावा, लपवावा, पुन्हां दाखवावा, आणि त्याबरोबर गावें. पद्धति सुंदर खरी. पण चेंडूच कां, ह्याचें फ्रोबेलचें उत्तर असें कीं, गोल ही अखिल विश्वाच्या एकत्वाची खूण होय. हा विचार फ्रोबेलच्या मनांतला. बाळाच्या मनांत तो होता कीं नाहीं हें कोण सांगणार?

डॉ. मारिया माँटेसरी १९३९ सालीं मद्रासेस आल्या. अहमदाबाद येथील त्यांच्या व्याख्यानांतून तयार झालेला ग्रंथ १९४९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि मूल जन्मापासूनच सभोंवतालचें सारें शोषून घेत असतें हा त्यांचा सिद्धान्त आपल्याकडील शिक्षकांना परिचित झाला. ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका ह्यांनीं तर १९२६ सालींच नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता, व ताराबाईंचें बोर्डीचें कार्य आपण सर्व जाणतां. परंतु ह्या थोर मंडळींचें मुख्य लक्ष चालूंबोलूं लागलेल्या बालकांकडे होतें. पाळण्यांतला नागरिक अजून मागेंच राहिला होता.

ह्याच सुमारास एक गंमत झाली. पॅरिसमध्यें राहणारा अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर ह्यानें तारा व पत्रे ह्यांचीं हलतीं शिल्पें केलीं, आणि १९३१ सालीं मार्सेल द्युशां ह्या कलावंतानें त्यांना ‘मोबाइल’ असें नांव दिलें. पुढें पाळण्यावर टांगावयाच्या खेळण्यांनाहि पाश्चात्य देशांत हेंच नांव मिळालें. आज तो शब्द आपल्या खिशांत येऊन बसला आहे, आणि बाळाच्या डोळ्यांपुढें काय धरूं नये ह्याच्या यादींत त्याचा पहिला क्रमांक लागतो, हा काळाचा महिमा!

आतां मुख्य भागाकडे वळतों. बाळाला काय दिसतें व काय आवडतें हें बाळालाच विचारण्याची युक्ति विसाव्या शतकाचें पूर्वार्ध संपल्यावर सांपडली. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं रॉबर्ट फँट्झ नांवाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनीं एक मोठी पेटी केली. तींत बाळाला उताणें निजवावयाचें, वर छताला शेजारीं शेजारीं दोन चित्रें लावावयाचीं, आणि मधल्या भोंकांतून बाळाच्या डोळ्यांत पाहावयाचें. ज्या चित्राचें प्रतिबिंब बुबुळावर पडलें असेल, त्याच्याकडे बाळ पाहत आहे हें उघड. किती वेळ पाहतें तें घड्याळानें मोजावयाचें. इतकी साधी युक्ति सुचावयास किती शतकें लागलीं! १९५८ पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊं लागले, आणि १९६१ सालच्या त्यांच्या लेखानें तर पुष्कळांच्या समजुती ढांसळल्या. नवजात मुलाला सारें जग नुसता गोंधळ वाटतो, असें मोठमोठे विद्वान् सांगत आले होते. फँट्झ ह्यांनीं मुलांपुढें सहा चकत्या ठेवल्या: एकीवर मनुष्याचा चेहरा, दुसरीवर छापील वर्तमानपत्राचा तुकडा, तिसरीवर एकांत एक वर्तुळें, आणि बाकीच्या तीन नुसत्या लाल, पिंवळ्या व पांढऱ्या. मुलें सर्वांत अधिक वेळ चेहऱ्याकडे पाहत राहिलीं. त्याच्या खालोखाल वर्तमानपत्राकडे. आणि भडक रंगाच्या कोऱ्या चकत्यांकडे सर्वांत कमी. १९६३ सालीं त्यांनीं पांच दिवसांच्या आंतल्या अर्भकांतहि हीच आवड दाखवून दिली. बाळाला रंगाच्या भडकपणापेक्षां रेघांची व आकृतींची ओढ अधिक, हें ह्यावरून ठरलें.

मग पुष्कळ चित्रें, पुष्कळ खेळणीं टांगलीं म्हणजे मूल अधिक हुशार होईल काय? ह्याचेंहि उत्तर लौकरच मिळालें. बर्टन व्हाइट व रिचर्ड हेल्ड ह्यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग मला स्वतःला फार उद्बोधक वाटतो. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील एका रुग्णालयांत कांहीं निराधार अर्भकें वाढत होतीं. पांढऱ्या चादरी, पांढऱ्या भिंती. पाहण्यासारखें कांहीं नाहीं. त्यांतल्या कांहीं मुलांच्या खाटांवर प्रयोगकर्त्यांनीं रंगीबेरंगी वस्तूंचा मोठा पसारा टांगला व चादरीहि नक्षीच्या घातल्या. अपेक्षा अशी कीं मुलें आनंदून जातील. झालें तें उलटें. पहिले कांहीं आठवडे तीं मुलें अधिक रडूं लागलीं व त्या पसाऱ्याकडे पाहीनातशीं झालीं; स्वतःचा हात निरखण्याचा जो खेळ त्या वयांत सुरू होतो तोहि लांबला. दुसऱ्या कांहीं मुलांना प्रथम फक्त एवढेंच दिलें: खाटेच्या दोन बाजूंना दोन चोखण्या, आणि त्यांच्या मागें उठावदार नक्षी. हीं मुलें शांत राहिलीं, आणि नेम धरून वस्तु पकडण्याची जी क्रिया त्या संस्थेंतील इतर मुलांना पांच महिन्यांच्या सुमारास साधत असे, ती ह्यांना तीन महिन्यांच्या सुमारासच साधली. पसारा दिलेल्या मुलांनींहि ती शेवटीं लौकर साधली. पण आधीं रडून! थोडें दिलें त्यांना रडणें न पडतां साधलें.

ह्याच व्हाइट-हेल्ड ह्यांनीं आणखी एका सहकाऱ्याबरोबर १९६५ सालीं असें मोजून काढलें होतें कीं, पहिल्या महिन्यांत बाळाची नजर सुमारें १९ सेंटिमीटरवर उत्तम ठरते. पुढें ह्या मापांत कांहीं दुरुस्त्या झाल्या. तथापि अगदीं लहान मुलाला जवळचेंच नीट दिसतें हें सत्य टिकून आहे. १९ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक वीत. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा ह्याहून फार दूर नसतो, हें श्रोत्या भगिनींना मीं सांगावयास नको.

आणखी दोन प्रयोग सांगतों आणि शास्त्राचा भाग संपवितों. १९७२ सालीं जॉन वॉटसन ह्यांनीं आठ आठवड्यांच्या मुलांसाठीं एक खास उशी तयार केली. मुलानें डोकें हलवलें कीं उशींतील यंत्र वरचें खेळणें फिरवी. दुसऱ्या कांहीं मुलांच्या घरीं तसेंच खेळणें होतें, पण तें आपल्या आपण फिरे. मुलाच्या हालचालीशीं त्याचा संबंध नव्हता. रोज फक्त दहा मिनिटें. थोड्याच दिवसांत पहिल्या घरांतल्या आया सांगूं लागल्या कीं, मूल त्या खेळण्याकडे पाहून हंसतें, हुंकार देतें. माणसाच्या तोंडाकडे पाहून जें हंसूं यावयाचें, तें एका लांकडी-कागदी वस्तूला मिळालें. कां, तर ती वस्तु बाळाला जबाब देत होती! आपल्या आपण फिरणाऱ्या खेळण्याला हा मान मिळाला नाहीं.

दुसरी हकीकत एका आईची आहे. कॅरोलिन रोव्ही ह्या विदुषी आपला प्रबंध लिहीत बसल्या असतां त्यांचें तान्हें मूल पोटदुखीनें सारखें किरकिर करी. त्याला रमविण्याकरितां पाळण्यावरचें खेळणें सारखें हलवावें लागे, आणि मग लिहावयाचें केव्हां? शेवटीं त्यांनीं एका पट्ट्याचें एक टोंक बाळाच्या पायाला सैल बांधलें व दुसरें खेळण्याला. पाय झाडला कीं खेळणें हाले. मिनिटांतच बाळाला ही किल्ली सांपडली, आणि आईला लिहावयास सवड मिळाली. इतक्या लहान मुलाला हें समजणार नाहीं, असें त्या वेळचें शास्त्र सांगत होतें. १९६९ सालीं त्यांनीं ह्याचा रीतसर प्रयोग प्रसिद्ध केला व पुढें सारें आयुष्य त्याच पट्ट्याच्या आधारें मुलांची स्मृति मोजण्यांत घालविलें. तीन महिन्यांचें मूल ही युक्ति सुमारें आठवडाभर लक्षांत ठेवतें, मग विसरतें. परंतु विसरल्यावरहि तें खेळणें आदल्या दिवशीं नुसतें हलतांना दाखवलें, तर दुसऱ्या दिवशीं मूल पुन्हां पाय झाडूं लागतें! १९८० सालीं हें सिद्ध झालें. उजळणीचें महत्त्व जन्मभर वर्गांत सांगत आलेल्या मास्तरला ह्याहून मोठें बळ कोणतें मिळावें? मात्र तो पट्टा प्रयोगापुरता, आणि कोणीतरी शेजारीं बसलेलें असतांना. घरीं कोणीं त्याचें अनुकरण करूं नये.

हें मी आग्रहानें सांगतों, त्याला कारण आहे. १९८८ सालीं माझी हीच कन्या जन्मली. मीं मोठ्या हौसेनें जत्रेंतून चिमणाळें आणलें. आणि त्याच्या दोऱ्या आंखूड वाटल्या म्हणून स्वतः पक्क्या सुतळीनें वाढवून, पाळण्याला आडव्या ताणून बांधलें. मूल वाढत होतें. चिमणाळें तेथेंच होतें. सहाव्या महिन्यांत एके दुपारीं ती पाळण्यांत पालथी झाली, हात टेंकून वर उठली, आणि मान सुतळीच्या फांसांत अडकली. आमच्या घरच्या मंडळी स्वयंपाकघरांत होत्या. मुलीचा आवाज एकाएकीं बंद कां झाला म्हणून त्या धांवत आल्या. मी ओसरीवर वह्या तपाशीत होतों. मला कांहींच ऐकूं आलें नव्हतें. मुलीच्या गळ्यावरचा वळ आठ दिवस दिसत होता. चिमणाळें माळ्यावर गेलें, आणि त्याविषयीं घरांत पुन्हां बोलणें झालें नाहीं.

ह्या वेळीं पुस्तकें चाळतांना मला कळलें कीं, हा अपघात एकट्या माझ्या घरचा नव्हता. पाळण्याला आडव्या बांधावयाच्या खेळण्यांत अडकून अमेरिकेंत कित्येक मुलें दगावलीं, तेव्हां तेथील ग्राहकवस्तु-सुरक्षा आयोगानें सूचना दिली कीं, बाळ पांच महिन्यांचें झालें किंवा हातागुडघ्यांवर उठूं लागलें, ह्यांपैकीं जें आधीं होईल तेव्हां असें खेळणें काढून टाकावें. चिमणाळ्याला वय असतें, हें मला कोणीं सांगितलें नव्हतें. माझ्याहि लक्षांत आलें नाहीं.

खेळणें पाळण्यावरून जमिनीवर उतरलें, ह्याचें एक कारण हें. दुसरें झोंपेशीं निगडित आहे. मुलांना पालथें निजविण्याची पाश्चात्य देशांत जी चाल पडली होती, ती आणि झोंपेंतील आकस्मिक मृत्यु ह्यांचा संबंध ध्यानीं आल्यावर १९९१ सालीं ब्रिटनमध्यें व १९९४ सालीं अमेरिकेंत मुलांना उताणें निजवा अशी मोठी मोहीम झाली, व असे मृत्यु पुष्कळच घटले. मग प्रश्न आला कीं, सदा उताणें राहणाऱ्या मुलाच्या मानेला व खांद्यांना बळ कसें यावें? त्यावर डॉक्टरांचें उत्तर असें कीं, जागेपणीं, देखरेखीखालीं, जमिनीवर थोडा वेळ पालथें ठेवावें. निजण्याची जागा मोकळी आणि खेळण्याची जागा निराळी, अशी ही वांटणी झाली. आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कमानींची ही गादी घरोघर पसरली.

इतकें वाचून मी पुन्हां दुकानांत गेलों. ह्या खेपेस विक्रेत्याची परवानगी घेऊन, टोपी काढून, सरळ एका कमानीखालीं आडवा झालों. आसपासच्या मंडळींची करमणूक झाली. पण वीस खोक्यांतलीं बारा तेथेंच बाद झालीं, कारण खालून पाहतां हत्ती, माकड, फुलपांखरूं हे सारे एकसारखे करडे गोळे दिसत होते. विजेच्या घटावर आपोआप फिरणारीं व गाणारीं दोन होतीं. वॉटसनची उशी आठवून तीं बाजूला सारलीं. एकाला नऊ खेळणीं लोंबत होतीं. विक्रेता तींच मोठ्या अभिमानानें मोजून दाखवीत होता. मीं विचारलें, "ह्यांतलीं सहा काढून ठेवतां येतील काय?" तो माझ्याकडे पाहतच राहिला.

मग खिशांतून मोजपट्टी काढली. लोंबणारी दोरी एका वितीहून लांब नको. सुटा होऊं शकेल असा कोणताहि भाग सव्वा इंच व्यासाच्या नळींतून जाण्याइतका लहान नको. तेवढा तुकडा तान्ह्या मुलाच्या घशांत अडकूं शकतो. कमान ओढली तर कोसळूं नये. शेवटीं आय.एस.आय. चिन्ह पाहिलें. खेळण्यांवर हें चिन्ह असलें पाहिजे असा आपल्या सरकारचा हुकूम १ जानेवारी २०२१ पासून अंमलांत आला आहे, व त्यांत रंगांतील शिशाचीहि तपासणी येते. माळ्यावरचें माझें चिमणाळें मीं मुद्दाम खालीं काढून पाहिलें होतें. पोपटाचा हिरवा रंग बोटाला लागून येत होता. त्यांत काय होतें कोण जाणे! तें कागदांत गुंडाळून परत वर ठेवलें.

निवडलें तें साधें आहे. लांकडी कमान, धुतां येईल अशी गादी, आणि अदलाबदल करतां येतील अशीं तीन खेळणीं: एक काळ्यापांढऱ्या रेघांचें, एक कडें, एक आंत घुंगरूं असलेलें कापडी पांखरूं. पाय लागला तरी हालेल इतक्या खालीं पांखरूं बांधलें.

आश्विनांत पुण्यास गेलों तेव्हां नात दोन महिन्यांची झाली होती. कमानीखालीं ठेवल्यावर तिनें काळ्यापांढऱ्या रेघांकडे पाहिलें न पाहिलें, आणि मग तिची नजर एका जागीं खिळली. पाहतों तों कापडी पांखराच्या पोटाला कारखान्यानें शिवलेली एक पांढरी पट्टी होती. धुण्याच्या सूचनांचीं बारीक काळीं अक्षरें तिच्यावर छापलेलीं. तींच ती टक लावून वाचीत होती. तिसऱ्या दिवशीं पाय लागून पांखरूं वाजलें. ती थांबली, आणि पुन्हां पाय झाडला. कन्या म्हणाली, "बाबा, ती पट्टी तेवढी कापून टाकूं का? वाईट दिसते." तिनें कात्री आणलीहि होती. मीं शिवण ओढून पाहिली. पक्की होती, आणि पट्टी अंगठ्याएवढीच. मग मीं तिला कात्री ठेवावयास सांगितलें.